चुना नेमकं काय करतो?

नाशिकच्या सातपूरला पहिली पाळी सुटली की कंपनीच्या गेटबाहेर टपरीवर दोन टोळकी जमतात. एक कट चहाबरोबर सिगारेट पेटवणारं. दुसरं जरा बाजूला: डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू, त्यावर नखानं काढलेला चुना, अंगठ्यानं मळणं, दोन थापा, धूळ उडाली की बार ओठाखाली. आत काडी पेटवायला बंदी, त्यामुळे ओढणारा पाळीभर तळमळतो. मळणाऱ्याला कसलीच अडचण नाही. वर तो सांगतो, ‘आपल्याला व्यसन नाही बुवा, नुसती तंबाखू आहे.’

आपल्याकडे व्यसन म्हटलं की दारू, फार तर सिगारेट. तंबाखू ही ‘सवय’, आणि मशेरी तर दात घासण्यातच जमा. रक्तातलं निकोटिन मोजलं की हा फरक उरत नाही.

धूर फुप्फुसात गेला की निकोटिन १० ते २० सेकंदांत मेंदूत पोहोचतं, डोपामिन हे बरं वाटायला लावणारं रसायन सुटतं, डोकं ‘जागेवर येतं’. पण एका सिगारेटमधून शरीरात जाणारं निकोटिन साधारण १ ते १.५ मिलिग्रॅम, आणि रक्तातली पातळी जितक्या झपाट्यानं चढते तितक्याच झपाट्यानं उतरू लागते. बार भरला की चढण सावकाश, माथा साधारण अर्ध्या तासानं, आणि उतार लांबलचक. अमेरिकेत नील बेनोविट्झ यांच्या गटानं १९८८ साली दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाहिले. माथ्याची उंची जवळपास सारखी. पण तोंडातल्या तंबाखूच्या एका मात्रेतून मिळालेलं एकूण निकोटिन एका सिगारेटच्या सुमारे दुप्पट. ओढणारा घटाघटा पितो, मळणारा घुटके घेत बसतो. पोटात जास्त जातं ते घुटकेवाल्याच्या.

आता चुना. चुन्यानं तंबाखूला ‘किक’ येते हे टपरीवर सगळ्यांना माहीत आहे, कारण मात्र रसायनशास्त्रातलं आहे. निकोटिनचे रेणू दोन रूपांत असतात, विद्युतभारित आणि भाररहित. गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून सहज पार होतं ते भाररहित रूप. किती निकोटिन कोणत्या रूपात असेल हे ठरतं सामूवर, म्हणजे पीएचवर: आंबटपणा कमी तसा सामू जास्त. सामू ७ असताना, म्हणजे लाळेत असतो साधारण तेवढा, जेमतेम ९-१० टक्के निकोटिन या रूपात असतं. सामू ९ केला की तेच ९० टक्क्यांवर जातं. नखभर चुना एवढं करतो. तळहातावरचं ते मळणं म्हणजे छोटीशी प्रयोगशाळाच, आणि ती चालवणाऱ्याला सामू हा शब्दही ठाऊक नसतो.

आपल्या राज्याचे आकडेही मळणाऱ्यांकडेच बोट दाखवतात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, बिनधुराची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. विड्यांसाठी नाव कमावलेलं सिन्नर शेजारी असूनही मला ओढणाऱ्यांपेक्षा मळणारेच जास्त भेटतात, ते उगाच नाही.

व्यसन किती मुरलंय हे ओळखायला १९७८ साली स्वीडनच्या कार्ल फागरस्ट्रॉम यांनी सिगारेटवाल्यांसाठी प्रश्नावली केली. त्यातला सगळ्यात बोलका प्रश्न साधा आहे: उठल्यावर किती वेळात पहिली? निकोटिन रक्तातून दर दोन तासांनी साधारण निम्मं होतं. रात्री दहाला शेवटची घेतली तर सकाळी सहाला उरतं सोळाव्या हिश्श्याइतकं. तलफ येते ती तिथून. पुढे हीच प्रश्नावली तंबाखू खाणाऱ्यांसाठी बदलली, तेव्हा त्यात एका प्रश्नाची भर पडली: रस मुद्दाम गिळता का? आमच्या गल्लीतले एक काका बार ओठाखाली ठेवूनच झोपायचे. त्यांच्याबाबतीत ‘उठल्यावर किती वेळात’ या प्रश्नाला काही अर्थच नव्हता.

सोडताना दोघांचेही हाल सारखेच: चिडचिड, लक्ष न लागणं, भूक वाढणं, झोप उडणं. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, मग तीन-चार आठवड्यांत ओसरतं. औषधाच्या दुकानातला निकोटिनचा च्युइंगम मदतीला येतो, पण मळणारा तो सुपारीसारखा कचाकचा चावतो आणि ‘काही होत नाही’ म्हणून फेकून देतो. भराभर चावलं की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, आणि तिथून शोषलं गेलं तरी बराचसा भाग यकृत वाटेतच मोडून टाकतं. तो हळू चावायचा, जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवायचा. या च्युइंगममध्येही सामू वाढवणारा क्षार घातलेला असतो, म्हणजे तिथेही चुन्याचंच काम. म्हणून आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक काही नको. आंबट तोंडात तो क्षार फुकट जातो. टपरीवरच्या मंडळींना हे पटतं लगेच. त्यांची खरी अडचण वेगळी असते: च्युइंगम तोंडात गेला, आता या रिकाम्या हातांचं काय करायचं?