अण्णांचा नीलम आणि सात कोटी थाई माणसं

इंदूरच्या लोकमान्य नगरातले आमचे शेजारी अण्णा आणि वहिनी गेल्या महिन्यात बँकॉक फिरून आले. दुसऱ्याच दिवशी अण्णा एक मखमली डबी घेऊन माझ्याकडे आले. डबीत एक निळा खडा होता. "ताई, एक सांगून ठेवतो," ते म्हणाले, "थाई माणसावर कधी विश्वास ठेवू नका. हसतात गोड आणि खिसा कापतात. अख्खा देशच तसला."

झालं होतं असं. दोघं सकाळी तिथला राजवाडा पाहायला निघाले. भिंतीच्या कडेने चालताना गळ्यात ओळखपत्र घातलेला एक नीटनेटका माणूस भेटला. "आज धार्मिक विधी आहे, राजवाडा दुपारनंतर उघडेल," असं त्याने अदबीने सांगितलं आणि तोवर एक छोटं देऊळ बघून यायला सुचवलं. समोरच टुकटुक उभी होती आणि भाडं अगदी किरकोळ होतं. देवळात एक प्रवासी भेटला. तो आपणहून म्हणाला, की आज सरकारी सवलतीचा शेवटचा दिवस आहे, मीसुद्धा नीलम घेतला. टुकटुकवाल्याने त्यांना थेट त्या दुकानाच्या दारात नेऊन सोडलं. अण्णांच्या धाकट्याची रास मीन, त्याला साडेसाती सुरू आहे. अठरा हजार बाट गेले. राजवाडा त्या दिवशी सकाळी साडेआठपासून उघडाच होता.

अण्णांचं नुकसान खरं आहे आणि त्यांचा संतापही रास्त आहे. पण "अख्खा देशच तसला" हे वाक्य माझ्या मनातून जाईना. मी तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं आहे आणि या वाक्यात दडलेली चूक ही माझ्या विषयातली सर्वांत सुंदर चूक आहे. ती एकदा कळली, की परदेशात फसायचंही टळतं आणि सात कोटी माणसांना ठग म्हणायचंही टळतं.

आकडे मी सोयीसाठी मनाने घेते. समजा, राजवाड्याच्या आसपास दहा हजार स्थानिक लोकांचा वावर आहे. त्यांत ठग फक्त वीस. म्हणजे पाचशेत एक. आता ही माणसं दिवसभर करतात काय? साधा माणूस कामावर जातो, भाजी घेतो, घरी परततो. अनोळखी पर्यटकाला रस्त्यात थांबवून त्याच्याशी बोलायचं त्याला काही कारणच नाही. फार तर पन्नास दिवसांतून एकदा तो एखाद्या गोंधळलेल्या माणसाशी आपणहून बोलेल. ठगाचा मात्र तो धंदाच आहे. तो दिवसाला चाळीस पर्यटकांना गाठतो.

आता गुणाकार करा. वीस ठग, प्रत्येकी चाळीस पर्यटक, म्हणजे रोजच्या ८०० भेटी. उरलेले ९,९८० साधे लोक, पन्नास दिवसांतून एकदा, म्हणजे रोज सुमारे २०० भेटी. एकूण हजार भेटी आणि त्यांतल्या ८०० ठगांच्या. ज्या गावात हजारात दोनच माणसं ठग आहेत, त्या गावात आपल्याशी आपणहून बोलणाऱ्या दर दहांपैकी आठ ठग निघतात!

म्हणजे अण्णांचा अनुभव खोटा नव्हता. त्यांना आपणहून येऊन गाठणारी बहुतेक माणसं खरंच ठग होती. चूक पुढच्या पायरीवर आहे. "मला गाठणारा माणूस ठग असण्याची शक्यता" आणि "इथला माणूस ठग असण्याची शक्यता" या दोन अगदी वेगळ्या संख्या आहेत, आणि आपलं मन पहिली मोजून तिला दुसरीचं नाव देतं. ज्या मोजक्या माणसांवरून आपण सगळ्यांचा अंदाज बांधतो, तो नमुना. हा नमुना अण्णांनी निवडलाच नव्हता. नमुन्याने अण्णांना निवडलं होतं.

हे गणित थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाच्या नावाने ओळखलं जातं. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ साली, छापला गेला. गुणोत्तराच्या भाषेत ते असं मांडतात: ठग आणि साधे यांचं मूळ गुणोत्तर २० ला ९,९८०, म्हणजे १ ला ४९९. ठग दिवसाला ४० भेटी करतो, साधा माणूस एक पन्नासांश, म्हणजे ठगाचा भेटण्याचा वेग २,००० पट. दोन्हींचा गुणाकार केला, की २,००० ला ४९९, म्हणजे साधारण ४ ला १ असं उत्तर येतं. मूळ गुणोत्तर कितीही केविलवाणं असलं, तरी समोरचा गुणक पुरेसा मोठा असेल तर तो त्याला उलटवून टाकतो. उलट, मूळ गुणोत्तर काय होतं ते परत मिळवायचं असेल, तर निरीक्षणाला त्याच गुणकाने भागावं लागतं. हा भागाकार आपलं मन आपणहून कधीच करत नाही.

हा परिच्छेद जड गेला असेल तर बसचं उदाहरण घ्या. आपल्या इंदूरच्या राजवाड्याहून दोन सिटी बस निघाल्या. एकीत ७० माणसं, दुसरीत १०. बसचालकांच्या संघटनेला विचारलं तर ती म्हणेल, सरासरी ४० प्रवासी. पण प्रवाशांना विचारलं तर ७० जण म्हणतील "आमच्या बसमध्ये सत्तर" आणि १० जण म्हणतील "आमच्यात दहा". त्यांच्या उत्तरांची सरासरी साडेबासष्ट येते. खोटं कोणीच बोलत नाही. फक्त गच्च भरलेल्या बसला साक्षीदार जास्त असतात. संख्याशास्त्रात याला इन्स्पेक्शन पॅराडॉक्स म्हणतात, म्हणजे तपासणीचा विरोधाभास. ठगालाही असेच साक्षीदार जास्त मिळतात. वरच्या हिशेबाने वीस ठग वर्षाला दोन लाख ब्याण्णव हजार पर्यटकांना गाठतील. त्यांतले सगळे फसतील असं नाही, पण गोष्ट मात्र सगळेच घरी घेऊन जातील. वीस माणसं मिळून एका देशाचं नाव ठरवतात.

चांगलं नावसुद्धा असंच पडतं. आमच्या सराफ बाजारात रात्री दुकानं मिटली, की खाऊगल्ली भरते. रात्री अकराला या सराफ्यात भुट्ट्याचा कीस आणि गराडू खायला येणारा पाहुणा म्हणतो, "इंदूरची माणसं म्हणजे खाण्यावर जीव टाकणारी." त्या वेळी सराफ्यात दुसरं कोण भेटणार? पहाटेच्या पाळीसाठी नऊलाच झोपलेला माझा भाचा त्याला कुठून भेटावा!

अण्णा म्हणाले, "पण ताई, एक नव्हे, तीन माणसांनी तेच सांगितलं. म्हणून तर विश्वास बसला." इथे या फसवणुकीतली खरी कारागिरी आहे. पाचशेत एक ठग असताना रस्त्यावरची तीन परकी माणसं, एकमेकांशी संबंध नसताना, तिघंही ठग निघण्याची शक्यता साडेबारा कोटींत एक. मनातल्या मनात आपण सगळेच असा हिशेब करतो आणि निर्धास्त होतो. पण तो गुणाकार साक्षीदार स्वतंत्र असतील तरच लागू पडतो. ओळखपत्रवाला, टुकटुकवाला, देवळातला प्रवासी हे तिघं एकाच दोरीत ओवलेले होते. साक्ष एकच होती, तिला तोंडं तीन होती.

आणि हे बँकॉकपुरतं नाही. नवी दिल्ली रेल्वे स्टेशनवर परदेशी प्रवाशांसाठी पहिल्या मजल्यावर वेगळं आरक्षण कार्यालय आहे. तिकडे निघालेल्या प्रवाशाला जिन्याखालीच गाठून "ते बंद झालंय, माझ्याबरोबर चला" म्हणणारे दलाल वर्षानुवर्षं आहेत. बँकॉकचीच युक्ती, शब्दही तेच. तो प्रवासी आपल्या देशी परतला, की तुमच्याआमच्याबद्दल काय सांगत असेल? अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा गप्प झाले.

नमुना एकांगी असतो हे झालं. पण समजा नमुना चोख मिळाला, तरी आपली स्मृती त्याचं काय करते? १९७६ साली डेव्हिड हॅमिल्टन आणि रॉबर्ट गिफर्ड या मानसशास्त्रज्ञांनी एक देखणा प्रयोग केला. लोकांना ३९ छोटी वाक्यं वाचायला दिली. त्यांतली २६ 'अ' गटातल्या माणसांबद्दल होती, १३ 'ब' गटातल्या. 'अ'मध्ये १८ चांगल्या वागणुकीची आणि ८ वाईट, 'ब'मध्ये ९ चांगली आणि ४ वाईट. प्रमाण दोन्हीकडे तंतोतंत सारखं, ९ ला ४. मग विचारलं, कोणती वागणूक कोणत्या गटाची? वाईट १२ वाक्यांपैकी 'ब'ची होती फक्त ४, पण लोकांनी जवळजवळ निम्मी 'ब'च्या माथी मारली. 'ब' गट संख्येने दुर्मीळ, वाईट वागणूकही दुर्मीळ. दोन दुर्मीळ गोष्टी एकत्र आल्या, की मन दचकतं आणि त्यांची गाठ मारून ठेवतं. पुढच्या प्रयोगात त्यांनी चांगली वागणूक दुर्मीळ ठेवली, तर 'ब' गट लोकांना जास्त चांगला वाटू लागला! म्हणजे मुळात हा द्वेष नव्हता, मनाची हिशेब ठेवायची पद्धतच तशी आहे. अण्णांच्या आयुष्यात थाई माणूस दुर्मीळ आणि अठरा हजारांचा फटकाही दुर्मीळ. गाठ बसणारच.

मग देशांच्या स्वभावाबद्दलच्या कल्पनांत तथ्य किती? २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात ४९ संस्कृतींचा एक मोठा अभ्यास आला. आपल्या देशाचा माणूस सर्वसाधारणपणे कसा असतो, हे लोकांना विचारलं आणि ती उत्तरं त्या-त्या देशातल्या माणसांच्या प्रत्यक्ष व्यक्तिमत्त्व-चाचण्यांशी ताडून पाहिली. दोन्हींचा मेळ बसला नाही. परक्यांबद्दल सोडा, माणसाला स्वतःच्या देशबांधवांचासुद्धा नीट अंदाज नसतो.

सगळे देश अगदी सारखे आहेत असंही मी म्हणणार नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४० देशांतल्या ३५५ शहरांत सतरा हजारांहून जास्त 'हरवलेली' पाकिटं बँका, टपाल कार्यालयं, हॉटेलं अशा ठिकाणच्या कर्मचाऱ्यांच्या हाती दिली आणि ते मालकाला ईमेल करतात का हे पाहिलं. देशादेशांत फरक मोठा होता. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की ४० पैकी ३८ देशांत पैसे असलेली पाकिटं रिकाम्यांपेक्षा जास्त परत आली. भारतातही. इथे माणूस कोण भेटावा हे संशोधकांनी ठरवलं होतं, ठगांनी नव्हे. तळाला आलेल्या चीनमध्ये काही वर्षांनी तिथल्या संशोधकांनी तोच प्रयोग वाढवून केला. तिथे बरेच जण ईमेल करत नव्हते, पण पाकीट जपून ठेवत होते. ईमेल म्हणजेच सचोटी, असं मोजमाप धरल्यावर हे दिसलंच नसतं.

आता त्या खड्याबद्दल. अण्णांबरोबर मी सराफ्यातल्या एका जुन्या जवाहिऱ्याकडे गेले. त्याने तो पाण्याच्या वाटीत बुडवला, पांढऱ्या कागदावर धरला आणि दहापट भिंग माझ्या हातात दिलं. निळ्या रंगाचे बारीक पट्टे दिसले, ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या रेघांसारखे वळलेले. नैसर्गिक नीलमात हे पट्टे सरळ, कोन करून असतात, कारण स्फटिक सपाट पृष्ठांवर वाढतो. वळलेले पट्टे म्हणजे भट्टी. १९०२ साली ऑग्युस्त व्हर्नेय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने माणिक प्रयोगशाळेत बनवायची रीत जाहीर केली आणि काही वर्षांत नीलमही तसाच होऊ लागला. ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी ज्योतीतून खाली सोडायची, ती वितळून घुमटासारख्या माथ्यावर थर धरते, म्हणून रेघा वळतात. रसायन मात्र दोन्हींत एकच. ॲल्युमिनियम ऑक्साइड आणि किंचित लोह व टायटॅनियम, त्यातूनच निळा रंग येतो. कोट्यवधी किलोमीटर लांबच्या शनीचा या रंगाशी काही संबंध नाही, आणि त्या धास्तीपोटी लोक खिसा मोकळा करतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. साडेसातीची भीती घरीच राहिली असती, तर ती दुकानात कामाला आली नसती.

प्रवासात करायचं ते एवढंच: माणूस आपण निवडायचा. जो आपणहून येतो, त्याच्याशी अदबीने बोलून पुढे चालायचं. काही विचारायचंच असेल तर स्वतः थांबून समोरच्या औषधवाल्याला विचारायचं, शाळेतून मुलांना नेणाऱ्या आईला विचारायचं. मग पाचशेत एक हेच खरं प्रमाण आपल्या वाट्याला येतं. राजवाडा बंद आहे का, हे राजवाड्याच्या दाराशी जाऊनच बघायचं.

अण्णांना गणित पटलं, पण मन मानेना. तेव्हा वहिनींनी खर्चाची वही आणली. सहा दिवसांतला बाट न् बाट त्यांनी तारखेनिशी लिहिला होता. नारळपाणी, नौकेचं तिकीट, पावसात घेतलेला रेनकोट, अननसाच्या फोडी. अण्णांनी चष्मा लावला आणि पेन्सिलीने एकेका ओळीपुढे खूण करायला घेतली: इथे फसलो, इथे नाही. सगळ्या मिळून ५३ ओळी भरल्या. फसल्याच्या दोन. मधेच एका ओळीवर ते अडले, कारण तिच्यापुढे रक्कमच नव्हती. "हे काय?"

"नूडलवालीची मुलगी," वहिनी म्हणाल्या. "छत्री विसरलो होतो ना, ती घेऊन स्टेशनच्या जिन्यापर्यंत पळत आली. द्यायचं काही नव्हतं, पण लिहून ठेवलं."