फॅरोंची चित्रं देवळाबाहेर खोल आणि आत उठावात का कोरली?

इजिप्तच्या देवळांचे फोटो बघाल तेव्हा एक गोष्ट नीट बघा. बाहेरच्या भिंतींवर राजाची, म्हणजे फॅरोची, आकृती सहसा दगडात आत खोदलेली असते, आणि आतल्या दालनांत बऱ्याचदा ती दगडातून वर उठलेली असते. यामागं सरळ प्रकाशाचं गणित आहे. उठाव करायचा तर आकृतीभोवतीचा सगळा दगड तासून काढावा लागतो आणि एवढं करून उंची मिळते जेमतेम काही मिलिमीटर. झरोक्यातून येणाऱ्या तिरक्या उजेडात ती सुरेख दिसते, पण बाहेर रखरखीत उन्हात चहूबाजूंनी एवढा उजेड येतो की ती बारीक सावली पार फिकी पडते. खोदीव कामात मात्र कडेची रेष खोल असल्यामुळं सूर्य कुठंही असो, खाचेत सावली पडतेच.

हे सगळं एकाच ठिकाणी बघायचं तर लक्झर शहराजवळच्या कर्नाकच्या देवळातला १३४ खांबांचा हॉल. उत्तरेकडचा भाग पहिला सेती या राजानं उठावात सजवला. तो गेल्यावर त्याचा मुलगा दुसरा रामसेस यानं दक्षिण बाजू घेतली, सुरुवात उठावातच केली आणि मग मधेच खोदीव कामाकडं वळला, इतकंच नाही तर स्वतःचं आधीचं उठावकामही पुन्हा कोरून खोदीव करून घेतलं! खोदीव काम झटपट होतं आणि नंतरच्या राजाला ते पुसणंही अवघड जातं. ‘मेदिनेत हाबू’ इथल्या देवळात तिसऱ्या रामसेसची अक्षरं तर बोटं सहज आत जातील एवढी खोल आहेत. पण नजाकत बघायची तर मला विचाराल तर सेतीचंच काम, ॲबिडोसच्या देवळातलं चुनखडीवरचं तर खासच.

बदल करायचा झाला की जुन्या रेषा गिलाव्यानं बुजवून वर नवं कोरायचे. कर्नाकच्या उत्तरेकडच्या बाहेरच्या भिंतीवर, सेतीच्या लढायांच्या चित्रांत, मेही नावाच्या एका अधिकाऱ्याची आकृती होती, ती काढून तिथं दुसऱ्या रामसेसची आकृती बसवली. आता गिलावा गळून पडलाय, त्यामुळं जाणकारांना खालच्या रेषाही वाचता येतात.

शिकागो विद्यापीठाचे लोक १९२४ पासून लक्झरला राहून ह्या भिंतींची रेखाटनं करतायत. उजेड वरून डावीकडून येतोय असं धरायचं आणि सावलीकडची रेष जाड काढायची. खोदीव आकृतीची वरची-डावी कड जाड येते, उठावाची खालची-उजवी, त्यामुळं नुसतं रेखाटन बघूनही काम कुठल्या पद्धतीचं ते लगेच कळतं.