धूळमाइट : घरातील ॲलर्जीचे नियंत्रण

गादी, उशी, पांघरुणे व गालिचे यांत राहणारा, कोळ्यांच्या वर्गातला आठपायी सूक्ष्मजीव. लांबी ०.२ ते ०.३ मिमी. माणसाच्या त्वचेचा कोंडा हे त्याचे मुख्य अन्न. तो चावत नाही. त्याच्या विष्ठेतील व शरीरातील प्रथिनांमुळे दमा, सर्दी व इसब बळावतात.

घरातली धूळ दमेकऱ्याला सोसत नाही, हे १९२०च्या सुमारास वैद्यकात नोंदले गेले. मात्र धुळीतले नेमके काय बाधते यावर दीर्घकाळ एकमत नव्हते. धुळीतला माइट हेच कारण, या शोधाचे श्रेय सामान्यतः नेदरलँड्समधील लायडेन येथील व्होरहॉर्स्ट, स्पिक्स्मा व सहकाऱ्यांना (१९६४) दिले जाते. जर्मनीत डेकर यांनी १९२८ सालीच माइट आणि दमा यांचा संबंध सुचवला होता. कल्पनेचा मान त्यांचा, सिद्धतेचा लायडेनचा, असे मानणे अधिक न्याय्य ठरेल. पुढे १९८१ मध्ये टोव्ही, चॅपमन व प्लॅट्स-मिल्स यांनी विष्ठेच्या गोळ्या हा ॲलर्जीचा प्रमुख स्रोत असल्याचे दाखवले. त्यांतील ‘डर पी १’ हे प्रथिन म्हणजे मुळात माइटचे पाचक विकर (एन्झाइम). गोळी साधारण परागकणाएवढी असते. चादर झटकली की ती उडते आणि थोड्याच वेळात खाली बसते. त्यामुळे हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राचा उपयोग मर्यादित राहतो. खरे काम अंथरुणातच करावे लागते.

माइट पाणी पीत नाही, हवेतली वाफ शोषतो. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ५० टक्क्यांखाली राहिली तर तो सुकून मरतो. सुमारे ६०° से. तापमानाच्या पाण्याने धुतल्यास माइट मरतात व प्रथिनेही निघून जातात. थंड पाण्याने प्रथिने बरीच निघतात, पण पुष्कळसे माइट तगतात. धुता न येणारी खेळणी गोठवल्यास माइट मरतात, प्रथिने मात्र तशीच राहतात. गादी-उशीला घट्ट विणीची, बंद अभ्रे घालतात. कडक उन्हात पसरलेला गालिचा सुकतो, तापतो व त्यातील माइट मरतात.

या उपायांनी रोग कितपत आटोक्यात येतो, हे वादग्रस्त आहे. गट्शे व योहान्सन यांच्या २००८च्या कॉक्रेन समीक्षेत (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात) दमेकऱ्यांना लाभ आढळला नाही. त्यावर, पुष्कळ चाचण्यांत प्रथिनांचे प्रमाण पुरेसे घटलेच नव्हते, असा आक्षेप आहे व तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. इंग्लंडमध्ये माइटची ॲलर्जी असलेल्या दमेकरी मुलांवर झालेल्या चाचणीत (२०१७) अशा अभ्र्यांमुळे, दमा उसळून तातडीने रुग्णालयात जाण्याचे प्रमाण घटले.