नाईट स्लीव्ह-व्हॉल्व्ह इंजिन

मोटारीच्या इंजिनातील झडपांचा खडखडाट टाळण्यासाठी चार्ल्स येल नाईट या अमेरिकन संशोधकाने विसाव्या शतकाच्या आरंभी विकसित केलेली रचना. नेहमीच्या इंजिनात कॅम (दांड्यावरचा फिरता उंचवटा) झडप उचलतो आणि स्प्रिंग तिला बैठकीवर परत आपटते. तापल्यावर झडपेचा दांडा लांबतो, म्हणून दांडा व टॅपेट (कॅमचा धक्का दांड्यापर्यंत पोचवणारा भाग) यांच्यात बारीक फट ठेवावीच लागते, आणि झडप उघडताना दर वेळी त्या फटीत ठोका बसतो. त्या काळी झडपांचे दांडे व स्प्रिंगा बहुधा उघड्याच असत. आवाज झाकायला काहीच नव्हते.

नाईट हा पेशाने शिकागोतील प्रकाशक. स्वतःच्या नॉक्स मोटारीच्या टकटकीला कंटाळून तो या कामात पडला. आधी त्याने अख्खे सिलिंडरच वरखाली हलवून पाहिले, त्याचे पेटंटही घेतले, पण तो नाद लवकरच सोडला. पुढच्या रचनेत पिस्टनभोवती बिडाच्या दोन स्लीव्ह, म्हणजे नळ्या, एकात एक सरकत. त्यांच्या खाचा सिलिंडरच्या भोकांसमोर आल्या की इंधन-हवेचे मिश्रण आत येई किंवा धूर बाहेर जाई. सगळेच सरकणारे, आपटणारे काही नाही.

१९०८ मध्ये कॉव्हेंट्रीच्या डेमलर कंपनीने ही रचना स्वीकारली. इतक्या मोठ्या घासणाऱ्या पृष्ठभागांना तेल पुरणार कसे, ही अभियंत्यांची शंका रास्तच होती. १९०९ मध्ये रॉयल ऑटोमोबाईल क्लबने दोन इंजिने पाच दिवसांहून अधिक काळ पूर्ण भारावर चालवली, मग गाड्यांत बसवून ब्रुकलँड्सच्या मोटार-शर्यतीच्या मार्गावर सुमारे दोन हजार मैल पळवली आणि पुन्हा चाचणीमंचावर चढवली. शक्ती घटली नव्हती. उघडून पाहता झीजही नगण्य निघाली. मोटार-तंत्रातील कामगिरीसाठी दिली जाणारी ड्यूअर ट्रॉफी त्या वर्षी डेमलरला मिळाली.

मिनर्व्हा, पानार, मर्सिडीज, व्हॉइझाँ आणि अमेरिकेत विलीज या मोटार कंपन्यांनीही हे इंजिन वापरले. तेल पुरले, पण ते जळायचेही भरपूर. शांतपणे धावणाऱ्या श्रीमंती गाडीमागे निळसर धूर ठरलेला. पहिल्या महायुद्धातील सुरुवातीच्या ब्रिटिश रणगाड्यांत डेमलरचेच इंजिन होते, आणि तिथे हा धूर ठावठिकाणा उघड करी, म्हणजे जिवावरचे दुखणे. पुढे साध्या झडपांचे कॅम, स्प्रिंगा व धातू सुधारले, आवाज कमी झाला आणि या खर्चिक रचनेचे कारणच उरले नाही. १९३० च्या दशकात ती बहुतेक मोटारींतून गेली. एकाच स्लीव्हची वेगळी पद्धत मात्र ब्रिस्टल हर्क्युलिससारख्या विमान-इंजिनांत दुसऱ्या महायुद्धातही वापरात होती.