किडनी देण्यापूर्वी: दात्याच्या तपासण्या, पात्रता आणि कागदपत्रे

घरातल्या माणसाचे डायलिसिस सुरू झाले की "माझी किडनी घ्या" म्हणत कुणीतरी लगेच पुढे येते, आणि आपल्याकडे ती बहुधा आई किंवा बायको असते. ही तयारी मोलाची आहे. मात्र दाता निरोगी असतो आणि शस्त्रक्रियेने त्याच्या शरीराला काहीच मिळणार नसते, म्हणून किडनी जुळते का याइतकेच ती दिल्यावर देणाऱ्याचे पुढचे आयुष्य सुरक्षित राहील का, हेही तपासले जाते.

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा असून २०११ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. दात्याचे वय १८ वर्षे पूर्ण असावे लागते. आईवडील, मुले, भाऊबहीण, पतीपत्नी, आजीआजोबा आणि नातवंडे हे कायद्याने जवळचे नातेवाईक ठरतात. दीर, मामा, चुलतभाऊ किंवा मित्र यांचे प्रकरण प्राधिकार समितीपुढे जाते आणि तेथे दोघांच्या मागील तीन वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे पाहिले जातात, कारण किडनीच्या बदल्यात पैसे देणे-घेणे हा किमान पाच वर्षे कैदेचा गुन्हा आहे.

तपासण्यांची सुरुवात रक्तगट आणि क्रॉसमॅचने (रुग्णाचे रक्त दात्याच्या पेशींना विरोध करते का, हे पाहणारी चाचणी) होते. त्यानंतर रक्तदाब, साखर, क्रिएटिनिन (किडनीचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा रक्तातील घटक), कावीळ ब व क, एचआयव्ही आणि छातीचा एक्स-रे होतो. शेवटी सीटी अँजिओग्राफीत किडनीच्या रक्तवाहिन्या पाहून कोणत्या बाजूची किडनी काढायची ते ठरते. किडन्यांची रक्त गाळण्याची क्षमता मिनिटाला ९० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक असल्यास ती सर्वसाधारणपणे पुरेशी मानतात, ६० च्या खाली असल्यास दाता नाकारला जातो आणि मधल्या आकड्यांवर डॉक्टर व्यक्ती पाहून निर्णय घेतात.

चोवीस तासांच्या लघवीची तपासणी खेड्यातून येणाऱ्यांची हमखास चुकते. पहिल्या दिवशी सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, त्यानंतरची प्रत्येक वेळची लघवी डब्यात घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची पहिली लघवी डब्यात घेऊन मोजणी संपवायची. डबा सावलीत, थंड जागी ठेवावा. एखाद्या वेळची लघवी शेतात राहून गेली तर तसे सांगून पुन्हा सुरुवात करावी, कारण अपुऱ्या नमुन्यावर आलेला आकडा दात्याचीच फसवणूक करतो.

विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी टाळू नये. सिकलसेलग्रस्त व्यक्तीला दाता होता येत नाही आणि वाहक असल्यास डॉक्टर स्वतंत्र विचार करतात, म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळालेले सिकलसेलचे कार्ड पहिल्याच भेटीत दाखवावे. मुतखडा होऊन गेला असेल, कंबरदुखीसाठी मेडिकलमधून रोज गोळ्या घेतल्या जात असतील किंवा तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची सवय असेल, तर घरच्यांसमोर बोलणे अवघड वाटले तरी डॉक्टरांना एकांतात सांगावे.

कागदपत्रांत दोघांची आधारकार्डे, शिधापत्रिका, जन्मदाखला किंवा शाळेची टीसी, पतीपत्नी असल्यास विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि कुटुंबाचे जुने फोटो लागतात. बहीण भावाला किडनी देते तेव्हा टीसीवर माहेरचे आणि आधारवर सासरचे नाव असल्याने अनेकदा काम अडते, त्यामुळे नावबदलाचा पुरावा आधीच काढून ठेवावा. कागदांवरून नाते सिद्ध झाले नाही तर डीएनए तपासणी सांगितली जाते. दाता स्त्री असल्यास तिची ओळख आणि स्वतंत्र संमती रुग्णाव्यतिरिक्त दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळावी असे नियमात आहे, आणि ही तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. शस्त्रक्रियेपूर्वी कोणत्याही क्षणी दाता नकार देऊ शकतो.

विदर्भात ही शस्त्रक्रिया नागपूर आणि अमरावती येथील शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालयांतही होते. त्यानंतर साधारण सहा आठवडे जड ओझे उचलता येत नाही, म्हणून तारीख पेरणीच्या किंवा कापूस वेचणीच्या तोंडावर घेऊ नये. पुढे दरवर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने तपासून घ्यावीत, आणि अंगदुखीची कोणतीही गोळी घेण्यापूर्वी आपल्याला एकच किडनी असल्याचे डॉक्टरांना सांगावे.