मुतखडा : अल्पछेदी शस्त्रक्रिया

मूत्रपिंडातील किंवा मूत्रवाहिनीतील खडा मोठा छेद न घेता काढण्याच्या अथवा जागीच फोडण्याच्या पद्धतींना हे नाव आहे. शरीराबाहेरून आघाततरंग सोडून खडा फोडणे, मूत्रमार्गातून दुर्बीण वर नेऊन तो लेझरने फोडणे आणि पाठीतून मूत्रपिंडापर्यंत बारीक वाट पाडून तो काढणे, असे तीन मार्ग प्रचलित आहेत. मूत्ररोगशास्त्राच्या या शाखेला एंडोयुरॉलॉजी म्हणतात.

पूर्वेतिहास : मराठीत मूत्राशयातला खडाही मुतखडा आणि मूत्रपिंडातलाही मुतखडाच. या एकाच शब्दामुळे सुश्रुतसंहितेतील शस्त्रक्रिया मूत्रपिंडाची असल्याचा समज वारंवार आढळतो. तो बरोबर नाही. चिकित्सास्थानाच्या सातव्या अध्यायातील अश्मरीकर्म (खडा काढण्याची शस्त्रक्रिया) हे मूत्राशयाचे आहे. वैद्याने डाव्या हाताची दोन बोटे गुदातून आत घालून खडा खाली आणायचा, सेवनीच्या (गुदापुढील मधल्या शिवणीसारख्या रेषेच्या) डाव्या बाजूस यवमात्र, म्हणजे जवाच्या दाण्याएवढे, अंतर सोडून छेद घ्यायचा आणि अग्रवक्र नावाच्या वाकड्या तोंडाच्या यंत्राने खडा ओढून घ्यायचा, असा तो विधी आहे. शस्त्रक्रिया न केल्यास मृत्यू निश्चित व केल्यास परिणाम अनिश्चित, म्हणून आधी अधिपतीची अनुमती घ्यावी, असेही तेथे सांगितले आहे. खडा फुटू देऊ नये, कारण उरलेला अल्पसा चुराही पुन्हा वाढतो, ही त्यातील सूचना पुढील विवेचनात महत्त्वाची आहे.

संहितेच्या काळाविषयी मतभेद आहेत. तिचा मूळ भाग इ. स. पू. सहाव्या शतकापर्यंत मागे नेणारे विद्वान आहेत. उपलब्ध पाठ मात्र अनेक शतकांच्या संस्करणांतून आला असून त्याला आजचे रूप इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत मिळाले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

खडा काढण्याऐवजी आतच फोडावा ही कल्पना यूरोपात एकोणिसाव्या शतकात रुजली. झां सिव्हिआल यांनी १८२४ मध्ये पॅरिसमध्ये मूत्रमार्गातून उपकरण घालून मूत्राशयातील खडा फोडला. या शोधाच्या अग्रमानावरून त्यांचा लरॉय देत्यॉल व इतरांशी दीर्घ वाद झाला. उपकरणाच्या कल्पनेचे श्रेय विभागून द्यावे लागले, तरी जिवंत रुग्णावरील पहिला यशस्वी प्रयोग सिव्हिआल यांचाच मानणे योग्य होईल. १८७८ मध्ये अमेरिकेतील हेन्री बिगेलो यांनी खडा फोडून त्याचा चुरा त्याच बैठकीत शोषून काढण्याची पद्धत दिली. भारतात त्या काळी लहान मुलांमध्ये मूत्राशयाचे खडे फार आढळत. मुलांच्या अरुंद मूत्रमार्गातून ही पद्धत शक्य नाही, असे मत तेव्हा रूढ होते. इंदूरच्या रेसिडेन्सीचे सर्जन डी. एफ. कीगन यांनी १८८० च्या दशकात मुलांवर ती यशस्वीपणे वापरून हे मत खोडून काढले. होळकरांच्या राजधानीत झालेले हे काम मराठी लेखनात दुर्लक्षित राहिले आहे, याची खंत वाटते.

मूत्रपिंडात त्वचेतून प्रवेश : १८८० मध्ये इंग्लंडच्या हेन्री मॉरिस यांनी मूत्रपिंड उघडून खडा काढला आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे कुशीतील मोठा छेद हाच मुख्य उपाय राहिला. सुईने प्रवेश प्रथम कोणी केला, याचे उत्तर ‘प्रवेश’ शब्दाच्या अर्थावर अवलंबून आहे. टॉमस हिलिअर यांनी १८६५ मध्ये लंडनमध्ये एका मुलाच्या फुगलेल्या मूत्रपिंडातील द्रव सुईने अनेकदा काढला होता. रूपेल व ब्राउन यांनी १९४१ मध्ये खडा काढला खरा, पण शस्त्रक्रियेने आधीच केलेल्या वाटेने. गुडविन व सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये सुईने नळी बसवून मूत्र बाहेर काढले; खडा काढणे हा त्यांचा हेतू नव्हता. मुद्दाम खड्यासाठी वाट तयार करून तो काढण्याचे काम स्वीडनच्या फर्नस्ट्रॉम व योहान्सन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणून बहुतेक ग्रंथ ‘पीसीएनएल’ची (त्वचेतून वाट पाडून मूत्रपिंडातील खडा काढण्याच्या शस्त्रक्रियेची) सुरुवात तेथून मानतात व प्रस्तुत नोंदीतही तेच मत स्वीकारले आहे.

वाट कोठून पाडावी हा प्रश्न शरीररचनेचा आहे. मूत्रपिंडाच्या पुढच्या व मागच्या बाजूस जाणाऱ्या रोहिणीशाखांमध्ये (धमनीच्या शाखांमध्ये) तुलनेने कमी रक्तवाहिन्यांचा पट्टा असतो. हिर्टल (१८८२) व ब्रोडल (१९०१) यांनी त्याचे वर्णन केले. मागच्या बाजूच्या कॅलिक्सच्या (पेल्यासारख्या कप्प्याच्या) टोकातून सुई घातल्यास ती या पट्ट्यातून जाते व रक्तस्राव कमी होतो. सुई सी-आर्म क्ष-किरण यंत्राच्या किंवा सोनोग्राफीच्या आधारे नेतात; तिच्यातून तार सरकवून वाट क्रमाने रुंद करतात. रुग्णाला पारंपरिक रीतीने पालथे झोपवतात. उताण्या स्थितीतही ही शस्त्रक्रिया करता येते. साधारणतः २ सेंमी.पेक्षा मोठ्या खड्यांसाठी ही पद्धत पसंत केली जाते. रक्तस्राव व जंतुसंसर्ग हे मुख्य धोके होत. बरगडीवरून प्रवेश केल्यास फुप्फुसावरणास इजा होऊ शकते.

वाटेची जाडी ‘फ्रेंच’ एककात मोजतात. १ फ्रेंच म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर. मूळ पद्धतीत २४ ते ३० फ्रेंच वाट लागे. ती लहान करण्यात गुजरातचा वाटा मोठा आहे. नडियादच्या मुळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटलचे महेश देसाई व त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ४.८५ फ्रेंच, म्हणजे सुमारे १.६ मिमी. जाडीच्या, जिच्यातूनच आतले दिसते अशा सुईने केलेली ‘मायक्रोपर्क’ प्रसिद्ध केली. अहमदाबादच्या जनक देसाई यांची ११ ते १३ फ्रेंचची ‘अल्ट्रा-मिनी’ पद्धत २०१३ मधली. आडनावसाम्यामुळे या दोघांच्या कामाची गल्लत होते. मायक्रोपर्कमध्ये वाट इतकी बारीक असते की तुकडे बाहेर काढता येत नाहीत. लेझरने चुरा करून तो लघवीवाटे जाण्यासाठी सोडावा लागतो. सुश्रुताने ज्या उरलेल्या चुऱ्याविषयी बजावले, तोच येथे पुन्हा कळीचा प्रश्न होतो. छेद जितका लहान, तितकी खडा पूर्ण निघाल्याची खात्री अवघड. म्हणून या पद्धतींची तुलना टाक्यांवरून न करता मूत्रपिंड खडामुक्त झाले की नाही, यावरून करावी.

आघाततरंग : डॉर्निअर या जर्मन विमानकंपनीतील आघाताविषयीच्या संशोधनातून हे यंत्र निघाले. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्यूनिकमध्ये ख्रिस्तिअन शॉसी व सहकाऱ्यांनी पहिल्या रुग्णावर ते वापरले. सुरुवातीला रुग्णाला पाण्याच्या टाकीत बसवत. कठीण किंवा मोठ्या खड्यांवर, तसेच खालच्या कॅलिक्समधील खड्यांवर या उपचाराचे यश कमी असते.

मूत्रमार्गातून : लवचीक दुर्बिणीने मूत्रपिंडापर्यंत जाऊन होल्मिअम लेझरने (तरंगलांबी सुमारे २१०० नॅनोमीटर) खडा फोडतात, अलीकडे थुलिअम फायबर लेझरही (सुमारे १९४० नॅनोमीटर) वापरतात. यानंतर मूत्रवाहिनीत बहुधा डीजे स्टेंट (मूत्राची वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी) ठेवतात. तो काढायचा राहून गेल्यास त्याच्यावरच खडे जमतात, म्हणून काढण्याची तारीख रुग्णाच्या कागदांवर लिहून देतात.