वळणावर आधी काय सुटलं, पुढचं की मागचं?

घाटातल्या वळणावर गाडी सटकली की गॅरेजमध्ये जाऊन आपण एवढंच सांगतो, "गाडी रस्ता सोडते." मग गाडी अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवायच्या मशीनवर चढते, बिल होतं आणि पुढच्या पावसात ती पुन्हा सटकते. दोष कधीकधी अलाइनमेंटचा असतोही. पण त्याआधी विचारायचा प्रश्न बहुतेक वेळा राहूनच जातो: रस्त्यावरची पकड सुटली ती कुठल्या चाकांची, पुढच्या की मागच्या?

दोन्हींत गाडी चालवणाऱ्याला येणारा अनुभव अगदी वेगळा. पुढची चाकं सुटली की स्टिअरिंग हातात एकदम हलकं लागतं. तुम्ही ते आणखी फिरवता, तरी गाडी वळणाच्या बाहेरच्या कडेकडेच निघते. हे अंडरस्टिअर. मागची सुटली की गाडीचं नाक आपण होऊन वळणाच्या आत घुसतं आणि ते हातांआधी सीटमधून कळतं. हे ओव्हरस्टिअर. पहिल्या प्रकारात घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला तर वेग उतरतो, भार पुढे येतो आणि पुढची पकड बहुधा परत मिळते. दुसऱ्यात तेच पाय उचलणं घात करतं, कारण भार पुढे आला की आधीच सुटलेली मागची चाकं आणखी हलकी होतात. म्हणूनच रोजच्या वापरातल्या गाड्या कंपन्या मुद्दाम अशा बनवतात, की सुटायचंच झालं तर आधी पुढचं सुटावं.

किती वेगाला सुटेल, याचा हिशोब शाळेतल्या भौतिकशास्त्राइतकाच आहे. वळणासाठी लागणारं त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या. २५ मीटर त्रिज्येचं घाटातलं वळण घ्या. ताशी ४० किलोमीटरला गुरुत्वाकर्षणाच्या निम्मं त्वरण लागतं, ५० ला सुमारे ०.८ पट आणि ६० ला १.१ पट. कोरड्या डांबरावर साधा चांगला टायर ०.८-०.९ पटीपर्यंत साथ देतो, ओल्या रस्त्यावर बराच कमी. पहिल्या पावसात तर डांबरावरचं तेल आणि धूळ पाण्यात मिसळून आणखीच निसरडं होतं. या हिशोबात गाडीचं वजन कुठेच येत नाही. "आमची गाडी जड आहे, रस्त्याला चिकटून चालते" हे ऐकायला बरं वाटतं, एवढंच.

वजनाचा खरा खेळ वेगळीकडे आहे. वळताना आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. रबराचा स्वभाव असा, की भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणजे आतल्या टायरने जेवढी पकड गमावली तेवढी बाहेरचा भरून काढत नाही. ज्या अ‍ॅक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीवर, ही भाराची अदलाबदल जास्त, त्याचं नुकसान जास्त. टपावरच्या कॅरिअरवर बॅगा लादल्यावर गाडी वळणात बिचकते ती यामुळेच. वजन जितकं उंच, तितका भार जास्त सरकतो.

त्यात टायरमधल्या हवेची भर. हवा कमी असली की वळताना टायरची बाजू जास्त मुडपते आणि गाडी तिकडून जास्त घसरते. याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेर गाडीचं इंजिन मागे होतं. १९६० ते १९६३ च्या मॉडेलांत मागच्या सस्पेन्शनची रचना अशी, की जोरदार वळणात मागची चाकं आत मुडपू शकत. कंपनीने उपाय टायरच्या हवेतून काढला: पुढे १५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक), मागे २६. पुढचं मऊ ठेवलं की आधी पुढचं घसरणार, हा त्यामागचा विचार. पण हवा भरणारा पंपावरचा माणूस मॅन्युअल थोडंच वाचतो? चारही चाकांत सारखी हवा गेली की सगळा तोल फिरायचा. १९६४ मध्ये सस्पेन्शन सुधारलं, १९६५ मध्ये मागची रचनाच बदलली. पुढे १९७२ मध्ये अमेरिकी सरकारी चाचणीने जुनी कॉर्व्हेर त्या काळच्या इतर गाड्यांपेक्षा जास्त धोकादायक नव्हती असा निर्वाळा दिला. तरीही गाडीचा तोल पंपावरच्या माणसाच्या भरवशावर सोडणं मला तरी पटत नाही.

मागे इंजिन असलेली आपल्याकडची गाडी म्हणजे २००९ ची टाटा नॅनो. तिथे भिस्त हवेवर न ठेवता टायरच वेगळे दिले: पुढे १३५ मिलिमीटर रुंदीचे, मागे १५५ चे.

तुमच्या गाडीची हवा किती, हे बहुधा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर छापलेलं असतं. अनेक गाड्यांत त्यावर दोन आकडे असतात, एक कमी माणसांचा आणि एक भरल्या गाडीचा. भरल्या गाडीत मागची हवा वाढवायची असते. पंक्चरवाल्याने अंदाजाने चौफेर ३५ भरली तर तो हिशोब तिथेच संपला. मोजायची ती टायर थंड असताना.

आता तळहात टायरवरून आडवा फिरवा, आधी आत, मग बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने करवतीसारखं बोचलं तर टो बिघडलाय, म्हणजे चाकं एकमेकांना समांतर नाहीत. तेव्हा अलाइनमेंट खरंच करून घ्या. फक्त एक कड झिजली असेल तर संशय कॅम्बरवर, म्हणजे चाकाच्या उभ्या कलावर. मधला पट्टा झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर कमी. ठरावीक अंतरावर खड्डे हाताला लागले तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर गेलाय. खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीच्या आडव्या पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर कायद्यानेही बाद.

दोनच नवे टायर घ्यायचे झाले तर बहुतेक जण ते पुढे लावतात, कारण इंजिनचा जोर पुढच्या चाकांना जातो. टायर कंपन्या मात्र नवे मागे लावायला सांगतात. गोटा झालेले टायर मागे असतील तर ओल्या वळणावर आधी मागचं सुटतं, आणि ते सावरणं नवख्याला जमत नाही.

एक खूण गॅरेजवाल्याला आवर्जून सांगा: गाडी दोन्ही वळणांना सुटते की एकाच? डाव्या वळणात भार उजव्या टायरांवर असतो. फक्त डावीकडे वळतानाच सुटत असेल तर आधी उजव्या बाजूचे टायर, सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर पाहायचे. स्थिरता राखणारी ईएससी यंत्रणा असलेल्या गाडीत ही खूण झाकली जाते, कारण घसरण सुरू होताच ती एखाद्या चाकाला परस्पर ब्रेक लावते. अशा वेळी डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचा पिवळा दिवा लुकलुकतो. रोजच्याच वळणावर, रोजच्याच वेगाला तो दिसू लागला, तर कुठल्या बाजूच्या वळणावर दिसतो ते लिहून ठेवा.